नमुना विद्यार्थी

नववीच्या वर्गात टॅब आले तेव्हा गणिताच्या बाईंना मनापासून आनंद झाला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण शिक्षकखोलीत बाकी सगळ्यांनी नाकं मुरडली होती. इतिहासाचे सर तर म्हणाले, "आता तुम्ही वर्गात फक्त पंखा चालू-बंद करायला जायचं." बाई हसल्या. त्यांचा हिशेब वेगळा होता. फळ्यावर एक गणित घातलं की पुढच्या बाकावरच्यांचं ते केव्हाच चावून झालेलं असायचं आणि मागच्यांच्या घशाखाली उतरत नसायचं. मग मधल्यांसाठी शिकवायचं, आणि तास संपला की कुणाचं तरी राहून गेलं ही रुखरुख घेऊन जिना उतरायचा. आता प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या वकुबाचं गणित मिळणार होतं. सुटलं की पुढचं जरा अवघड. अडलं की एक पायरी खाली. तिथंही अडलं तर आणखी खाली, अगदी प्राथमिक शाळेच्या बेरजांपर्यंत. न चिडता, न थकता, आणि "एवढंही येत नाही का" असं न म्हणता. हे शेवटचं वाक्य बाई इतकी वर्षं गिळत आल्या होत्या.

मुलांनी सॉफ्टवेअरचं नाव पहिल्याच आठवड्यात 'मास्तर' ठेवलं. "बाई, मास्तरांनी मला आज खाली ढकललं." "बाई, मास्तर माझ्यावर खूश आहेत, तीन तारे दिले." मास्तर घरीही येत. फोनवर तेच अ‍ॅप घ्यायचं, आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, की शाळेत जिथं थांबलो तिथून पुढं सुरू.

खिडकीशेजारच्या बाकावर एक मुलगी बसायची, तिला सगळे मुंगी म्हणायचे. अंगानं बारीक, तोंडानं अबोल, आणि हात कधी रिकामे नाहीत. बाईंची ती आवडती होती. तसं त्या कधी दाखवत नसत, पण अवघड प्रश्न विचारला की त्यांची नजर आपोआप खिडकीकडं जायची. मास्तरांनीही मुंगीला पहिल्या महिन्यातच वर नेऊन ठेवलं होतं. वर्ग रेषीय समीकरणं करत होता तेव्हा ती वर्गसमीकरणांत शिरली होती.

आणि मग ती घसरायला लागली.

आधी थोडी, मग बरीच. बाई रोज दुपारी आपल्या पडद्यावर वर्गाचा आलेख पाहत. मुंगीची रेघ जिना उतरावा तशी उतरत होती. सत्र निम्मं सरलं तेव्हा ती अपूर्णांकांवर आली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. बाईंना वाटलं, काहीतरी बिघडलंय. त्यांनी कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सिस्टीम बरोबर आहे. विद्यार्थिनीचा पाया कच्चा निघालाय. पहिली उत्तरं अंदाजानं बरोबर आली असतील." बाईंनी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, हिचा पाया मी बघितलाय बाबा.

दुसऱ्या दिवशी तासाला त्या मुलांमधून फिरत फिरत मुंगीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. टॅबवर अपूर्णांकांची वजाबाकी होती. मुंगीनं बोटानं बाकावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं, तेही सवयीनं, कारण उत्तर तिला आधीच आलं होतं. तिचं बोट बरोबर पर्यायावर गेलं. तिथं थांबलं. मग तिनं ते बाजूला नेलं आणि चुकीच्या पर्यायावर टेकवलं. मास्तर म्हणाले, "हरकत नाही, आपण पुन्हा एकदा बघू." मुंगीनं मान डोलावली, जणू मास्तर समोर बसलेत.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"तुला ते येत होतं."

"हो."

"मग चुकीचं का दाबलंस?"

मुंगीनं डब्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. बाईंनी घाई केली नाही. वर्गात उत्तरासाठी थांबायची त्यांना सवय होती.

"सगळं बरोबर दिलं की मास्तर वर नेतात," ती शेवटी म्हणाली.

"मग नेऊ दे की."

"मग घरी तिला एकदम अवघड येतं. मागं एकदा तसं झालं. नंतर तिनं फोन हातातच घेतला नाही. नुसती भांडी घासत बसली. घासलेलीच परत."

"कुणी?"

"मावशीनं."

बाईंना एवढं माहीत होतं की मुंगीची आई ती सहावीत असताना गेली, आणि गेल्या वर्षी वडिलांनी पुन्हा लग्न केलं. वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. कुठल्या इमारतीत कुणी अडकलं की जेवणावरून उठून जायचं, असली नोकरी. नव्या बायकोला मावशी म्हण, असं त्यांनीच मुलीला सांगितलं होतं. ती मावशी बेकरीत कामाला होती. पहाटे जायची आणि दुपारी, मुंगी शाळेत असताना, घरी परतायची.

मुंगीनं मग सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. एके दिवशी वर्गात मास्तरांनी तिला विचारलं होतं, काल दुपारी आपण भागाकार करत होतो, पुढं जायचं का? काल दुपारी ती वर्गात भूगोलाच्या तासाला होती. घरी जाऊन तिनं बाबांचा जुना फोन पाहिला. त्याच्या कडेला पिठाचा अंगठा उमटला होता.

"आधी राग आला," मुंगी म्हणाली. "माझं होतं ना ते. मी पासवर्ड बदलला."

"मग?"

"संध्याकाळी ती बाबांना विचारत होती, फोन बिघडलाय का, दुकानात दाखवायचा का. कशाला हवाय, बाबांनी विचारलं तर म्हणाली, काही नाही, वेळ बघायला. घड्याळ समोर भिंतीवर होतं." ती जराशी हसली. "मग मी परत जुनाच टाकला."

"तिला सांगून टाक ना, की तुला माहीत आहे."

"सांगितलं तर बंद करेल. लाजेल." मग तिनं मान वर केली. "बाई, तुम्हीपण नका सांगू."

बाईंनी शब्द दिला. दिल्यावर त्यांना वाटलं, आपण जरा घाईच केली.

तसंच झालं. त्याच आठवड्यात हेडसरांनी बैठक बोलावली. पुढच्या सत्रापासून नववीची एक प्रगत तुकडी निघणार होती. तिला वेगळा तास, वरच्या वर्गाचं गणित, बाहेरच्या स्पर्धा. निवड मास्तरांच्या पातळीवरून होणार होती.

"माणसांनी निवडलं की पालक दारात येऊन बसतात," हेडसर म्हणाले. "आमच्या पोराचं का नाही, अमक्याचं का. मशीननं निवडलं की कुणाशी भांडणार?"

"सर, मशीनला सगळंच दिसतं असं नाही."

"तुम्हीच तर त्याची तारीफ करत होता."

"अजूनही करते," बाई म्हणाल्या. "पण ते फक्त उत्तर बघतं. उत्तर देणारा हात कुणाचा, ते त्याला दिसत नाही."

हेडसरांना यातलं काही उमगलं नाही, आणि बाईंना उमगेल असं सांगता येत नव्हतं. त्या घरी आल्या त्या कणकण आल्यासारख्या. शब्द मोडला तर पोरीचा विश्वास जाणार. पाळला तर पोर स्वतःच्या हातानं मागं राहणार, तेही एका पिठाच्या अंगठ्यासाठी. रात्री जेवताना त्यांच्या यजमानांनी विचारलं, "आमटीत काही कमी आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही, एक पायरी कमी आहे." यजमानांना त्यांच्या अशा बोलण्याची सवय होती. त्यांनी आणखी वाढून घेतलं.

शेवटी बाईंनी नियमात बसेल तेवढंच केलं. पातळी घसरलेल्या सगळ्या मुलांच्या पालकांना निरोप गेले, तसा मुंगीच्या घरीही गेला. वडील कामावर होते. मावशी आली.

शाळा सुटल्यावरची वेळ होती. रिकाम्या बाकांवर ऊन तिरकं पडलं होतं. मावशी तिशी ओलांडलेली, खांदे रुंद, हात मोठे, आणि बसताना मात्र बाकाच्या अगदी कडेवर बसली, कुणी उठवलं तर चटकन उठता यावं अशी. बाहेर व्हरांड्यात मुंगी दप्तर पायांशी ठेवून उभी होती.

"तुमची मुलगी हुशार आहे," बाईंनी सुरुवात केली. "पण गेले काही महिने तिची पातळी सारखी खाली चाललीय. प्रगत तुकडी निवडायचीय. असंच राहिलं तर तिचं नाव त्यात येणार नाही."

"कशी खाली?" मावशीनं विचारलं.

बाईंनी पडदा तिच्याकडं वळवला. शब्द दिल्याप्रमाणं त्यांनी काहीच सांगितलं नाही, नुसता आलेख दाखवला. मावशी बराच वेळ बघत राहिली. बाजूला छोट्या अक्षरांत धड्यांची नावं होती. भागाकार. अपूर्णांकांची ओळख. समच्छेद करणे. नावं वाचताना तिचे ओठ हलत होते, आणि एका नावापाशी ते थांबले.

"हे तर मी करते," ती म्हणाली.

बाईंनी पडदा तिच्याकडं आणखी थोडा सरकवला.

"हे सगळं मी केलंय, बाई. दुपारचं. तिच्या नावावर. मला वाटलं, वही असते तशी मागची पानं वापरली तर काय बिघडतं. पुढची पानं तिची. मला काय माहीत, ते मला आणि तिला एकच समजतंय." तिनं पदर तोंडाला लावला आणि लगेच सोडला. "पोरीचं वाटोळं केलं मी."

"वाटोळं बिटोळं काही नाही. एका दिवसात सुधारता येतं ते." बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "पण मला एक सांगा. का करत होता?"

मावशीनं ग्लास दोन्ही हातांत धरला.

"ती माझ्याशी वाईट वागत नाही हो. उलट फार नीट वागते. पण मला तू म्हणत नाही, तुम्ही म्हणत नाही. वाक्यच असं बनवते की दोन्ही लागत नाही. 'चहा झालाय.' 'दार लावून घेतलं तर बरं होईल.' 'आज भाजी छान झाली होती.' कुणाला बोलतेय, भिंतीला की मला, कळू नये. वर्षभर तसंच चाललंय. आणि एका गणिताचं नाव काढलं की खुलते. बाबांशी बोलते, शेजारच्या पोरीशी बोलते. मग मला वाटलं, मीपण शिकावं. सातवीत सोडलं होतं, कितीसं पुढं असेल? तिच्यापर्यंत पोचले की सहज काहीतरी विचारेन. निदान तेवढ्यापुरतं तरी बोलणं होईल." ती थोडी हसली. "ते बरंच पुढं निघालं."

बाईंना आता शब्दाची पंचाईत उरली नव्हती. मावशी लाजेल म्हणून तो दिला होता, आणि लाजायचं ते तिनं स्वतःच सांगून टाकलं होतं.

"तिला माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही तिच्या नावावर शिकता ते. बऱ्याच आधीपासून. तुम्हाला एकदम अवघड येऊ नये म्हणून ती वर्गात मुद्दाम चुकते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

मावशीनं ग्लास खाली ठेवला. ती दाराकडं बघत राहिली. दारातून मुंगीचं नुसतं दप्तर दिसत होतं, आणि एक बूट, त्याची नाडी सुटलेली. मग तिचे रुंद खांदे हलायला लागले. आवाज अजिबात नव्हता, पण व्हरांड्यातून मुंगीला काय दिसलं कोण जाणे, ती आत आली.

"काय झालं?" तिनं बाईंकडं संशयानं पाहिलं. मग मावशीकडं. "तू रडतेस का?"

हा 'तू' त्या खोलीत तिघींनाही ऐकू आला, म्हणणारीला सगळ्यात शेवटी. मुंगीचे कान लाल झाले. तिनं घाईघाईनं दप्तरातून रुमाल काढला. त्यात पेन्सिलीचा भुगा होता. मावशीनं तो तसाच डोळ्यांना लावला आणि तिच्या गालावर काळी रेघ उमटली.

"मुद्दाम चुकायचं असतं का कधी?" ती रुमालाआडून म्हणाली. "एवढं चांगलं येत असताना?"

"मग काय करायचं होतं? परत भांडीच घासत बसली असतीस."

"बसले असते."

"तेच तर."

मावशी सरकली आणि बाकावर जागा केली. मुंगी तिच्या शेजारी बसली, मध्ये दप्तर ठेवून, पण बसली.

बाईंनी चष्मा पुसला. त्याची काही गरज नव्हती. मग त्या कामाला लागल्या, कारण अशा वेळी काम हाताशी असलेलं बरं असतं. मुंगीची पातळी कोरी करून चाचणी पुन्हा घ्यायची, हे त्यांच्या हातात होतं. मावशीचा प्रश्न वेगळा होता. कंपनी शाळेबाहेरच्या कुणाला खातं उघडून देत नव्हती. बाईंनी विचार केला. प्रत्येक शिक्षकाला स्वतः गणितं करून बघता यावीत म्हणून खोट्या नावाचं एक खातं मिळालेलं होतं. त्यांनी ते आजवर उघडलंही नव्हतं.

"हे घ्या," त्या म्हणाल्या आणि पासवर्ड कागदाच्या कपट्यावर लिहून दिला. "फक्त यात नाव बदलता येत नाही. ते तुम्हाला 'नमुना विद्यार्थी' म्हणून हाक मारेल."

मावशीनं कपटा वाचला. "म्हणजे रोज दुपारी मला कुणीतरी नमुना म्हणणार?"

मुंगीनं तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून सुटलंच. "बाबांना सांगू नको," ती म्हणाली. "ते कायमचं नाव पाडतील."

दुसऱ्या दिवशी मुंगीनं चाचणी दिली. सगळा वर्ग बाहेर खेळत असताना ती एकटी बसून सोडवत होती, आणि बाई दुसऱ्या टोकाला वह्या तपासल्याचं सोंग करत होत्या. मास्तर एकेक दार उघडत गेले, ती आत शिरत गेली. मध्ये एकदा ती चुकली, खरीखुरी, आणि "अरेच्चा" म्हणून मागं रेलली. बाईंना ती चूक पाहून फार बरं वाटलं.

हेडसरांकडं मात्र त्यांना जावंच लागलं. त्यांनी मुंगीच्या परवानगीनं सगळी हकीकत सांगितली. हेडसर ऐकताना टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. ऐकून झाल्यावर त्यांनी तो थांबवला.

"अशी आणखी किती असतील?" त्यांनी विचारलं.

"तेच मला माहीत नाही, सर. म्हणून म्हणते, यादी मास्तरांनी काढू दे, पण शेवटची नजर वर्गावर शिकवणाऱ्याची असू दे. पालक आले तर माझ्याकडं पाठवा. मी चहा देईन त्यांना."

हेडसर लगेच हो म्हणाले नाहीत. पण यादी लागली तेव्हा तिच्याखाली बाईंची सही होती आणि मुंगीचं नाव होतं. दोन पालक आले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या मुलांना महिनाभरानं पुन्हा बघते असं सांगितलं, आणि खरंच पाहिलं. त्यातला एक मुलगा तुकडीत आलाही.

हिवाळा सरता सरता मावशी ऋण संख्यांपर्यंत पोचली. तिथं गाडी रुतली. एके दिवशी प्रगत तुकडीचा तास संपल्यावर मुंगी बाईंच्या टेबलापाशी रेंगाळली.

"बाई, उणे गुणिले उणे अधिक का होतं?"

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. ही मुलगी असली गणितं झोपेत सोडवायची. "तुला माहीत नाही?"

"नियम माहीत आहे. का ते नाही माहीत. मी कधी विचारलंच नव्हतं. तिनं विचारलं." मुंगी जरा चिडलेली होती. "मास्तरांनी तोच व्हिडिओ तिला परत परत दाखवला. ती म्हणते, मला कसं करायचं ते नको, का ते सांग. मी सांगायला गेले तर माझंच अडलं."

बाईंनी खुर्ची ओढून दिली. मग दोघींनी कागद घेतला. तीन गुणिले उणे दोन, दोन गुणिले उणे दोन, एक गुणिले उणे दोन, एकाखाली एक लिहीत गेल्या. उत्तर दर वेळी दोनानं वाढतंय, हे मुंगीला दिसलं. शून्याशी ते शून्य झालं. "आता शून्याच्या खाली उतर," बाई म्हणाल्या, "आणि वाढायचं मध्येच थांबवू नकोस." मुंगीनं उणे एक लिहिलं, पुढं गुणिले उणे दोन लिहिलं, आणि पेन्सिल तशीच धरून बसून राहिली. मग तिनं अधिक दोन लिहिलं. कागद घडी करून खिशात टाकला आणि धावतच गेली.

दुसऱ्या दिवशी ती दारातच भेटली.

"कळलं का मावशीला?" बाईंनी विचारलं.

"कळलं," मुंगी म्हणाली. "पण म्हणते, पटलं नाही. जेवण होईपर्यंत वाद घातला तिनं. बाबा ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसले."

"मग आता?"

"आता आज परत बसणार आहोत," मुंगी म्हणाली, आणि आपल्या बाकाकडं गेली.